आयर्लंडची पाणीपट्टी

मुकादममामा,

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली. तेराव्याला येतो म्हणून निरोप धाडला होता, तेही जमलं नाही. त्या दिवशी नगरपालिकेची टाकी भरायची पाळी माझी होती. पाळी बदलून मागता आली असती, पण साहेब काय म्हणतील म्हणून मागितली नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहेच. तो इकडे येऊनही सुटलेला नाही.

इकडे म्हणजे अमेरिकेत. मिशिगन राज्यात ट्रॉय म्हणून गाव आहे, तिथे माझा मुलगा मोटारींच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. ही गेल्यावर त्याने मला इकडे आणलं. मी कोटाच्या आतल्या खिशात पासपोर्ट ठेवतो आणि खिशाला सेफ्टी पिन लावतो. सून म्हणते, "बाबा, कुणी काही विचारत नाही इथे." पण विचारलं तर? आल्यावर पहिले पंधरा दिवस मी न्हाणीघरात दोन बादल्या आणि एक पातेलं भरून ठेवत होतो. सून रोज ओतून टाकायची, मी रोज भरायचो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, पाणी जातच नाही हो इथे." तुम्ही असता तर विश्वास ठेवला नसतात. चोवीस तास नळाला पाणी, तेही वरच्या मजल्यावर, आणि व्हॉल्व्हची चावी फिरवणारा माणूस कुठे दिसतच नाही. मी रस्त्याने चालताना लोखंडी झाकणं बघत जातो. अजून एकही माणूस त्यात वाकलेला दिसला नाही. एवढं पाणी सोडतं कोण, याचा मला कधीकधी घोर लागतो.

थंडीत इथे बाहेर चालता येत नाही. त्यामुळे गावातले म्हातारे सकाळी मॉलमध्ये चालायला जातात. मॉल म्हणजे एका छपराखाली अख्खी बाजारपेठ. दुकानं उघडायच्या आधी दार उघडं ठेवतात आणि आम्ही बंद दुकानांसमोरून फेऱ्या मारतो. मुलगा ऑफिसला जाताना मला सोडतो. तिथे माझी एका आयरिश म्हाताऱ्याशी ओळख झाली. तोही एकटाच. मोटारीच्या कारखान्यात दारं बसवून बसवून रिटायर झाला. चौथ्या फेरीनंतर आम्ही कॉफी घेतो, आणि तो कोटातून आयर्लंडचं वर्तमानपत्र काढतो. त्याची बहीण तिकडून आठवड्याचे अंक एकत्र बांधून पाठवते. ते शिळे पेपर तो मला मोठ्याने वाचून दाखवतो आणि चिडतो. त्याचं घराणं आजोबांपासून एकाच पक्षाचं, आणि सध्या तिकडे त्यांचंच सरकार आहे. म्हणून विरोधी पक्षाचं भाषण आलं की त्याच्या मिशा थरथरतात. तो विरोधकांचीच भाषणं वाचतो. सरकारचं काय म्हणणं आहे ते त्याला पाठ आहे म्हणतो.

माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे. सातवीपर्यंतचं, तेही त्या काळातलं. शेतीवर बोलला, बँकांवर बोलला, मला काही उमजायचं नाही. मी मान डोलवायचो. पण एके दिवशी तो पाण्यावर आला आणि मामा, मला सगळं कळायला लागलं! पाइप, व्हॉल्व्ह, प्रेशर, लीकेज, मीटर, कनेक्शन. आपण जन्मभर इंग्रजीच बोलत होतो की हो, फक्त आपल्याला माहीत नव्हतं. तर प्रकार असा. तिकडे सरकारचं धोरण आहे की घरगुती पाण्याला वेगळी पाणीपट्टी लावायची, आणि न भरणाऱ्याचं कनेक्शन तोडायचं. विरोधी पक्ष म्हणतो, लोक पगारातून कर भरतात त्यातच पाण्याचे पैसे आले, मग पुन्हा कसले मागता? आणि जुने पाइप जमिनीखाली फुटलेत, पाणी घरात पोचायच्या आधीच मातीत जातं, ते आधी दुरुस्त करा. आयरिश म्हातारा टेबलावर बोट आपटून म्हणाला, "हेच लोक सत्तेत होते तेव्हा काय केलं? हेच केलं! आता साळसूद झालेत!" आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू पाण्यातला माणूस. सांग, सरकारचं बरोबर आहे की नाही?"

मला मनातून विरोधी पक्षाचं पटलं होतं. अगदी पुरतं पटलं होतं. पण या देशात माझ्याशी बोलायला तो एकच माणूस. मी आपली मान डोलवली. आपल्याकडे ऐकतोय, चालू दे, अशी डोलवतात तशी. तो खूश झाला. पुढे तीन-चार महिने तो पाणीपट्टीची बातमी शोधून शोधून वाचायचा, मी मान डोलवायचो. त्याचा अर्थ तो काय लावतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मध्येच कधीतरी तो मला 'इंजिनियर' म्हणायला लागला. मी म्हटलं, मी इंजिनियर नाही, नगरपालिकेत व्हॉल्व्हची चावी फिरवत होतो. तो म्हणाला, "खरे मोठे लोक असंच बोलतात."

रात्री जेवताना मी घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला त्या पॉलिटिक्समध्ये पडता?" मी घाबरलो. विचारलं, तुझ्या व्हिसाला काही होईल का रे? सून हसायला लागली. "तिकडचं सरकार, तिकडचा विरोधी पक्ष, आणि आपण मिशिगनमध्ये भाजी खातोय. कोण येणार आहे आपल्याला पकडायला?" मी म्हटलं, तसं नाही, पाणी फार नाजूक विषय आहे. तेव्हा मुलगाही हसला. पण मामा, तुम्ही हसला नसतात.

मला तो दिवस आठवतो. स्टँडपासून शाळेपर्यंतचा रस्ता नुकताच डांबरी झालेला, दोन दिवसांनी मंत्री येणार, आणि वरच्या आळीत पाणी चढेना. दुपारची वेळ आहे, ऊन मी म्हणतंय. तुम्ही मला पहार देऊन पाठवलंत. पहारेचं एक टोक पाइपावर, दुसऱ्याला कान, आतून पाणी गळत असेल तर सूं असा आवाज येतो, हे तुम्हीच शिकवलेलं. मी ऐकलं. स्पष्ट सूं येत होता, अगदी नव्या डांबराच्या खाली. पण रस्ता फोडावा लागला तर साहेब तापतील म्हणून मी येऊन सांगितलं, मामा, लाइन चांगली आहे. तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात जेवायला बसला होता. मामी तव्यावरून भाकरी काढत होत्या. तुम्ही ताटावरून उठलात, तशाच उष्ट्या हाताने पहार घेऊन उन्हात गेलात, आणि परत येऊन म्हणालात, "लेका, साहेबाला काय आवडेल ते मला सांगू नको. पहारेत काय ऐकलंस ते सांग." मग पुन्हा जेवायला बसलात. मामींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी रडवेला झालो होतो, आणि तुम्ही म्हणालात, "ठेचा घे, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण होईल." मी हसलो आणि ठसकाही लागला. दुसऱ्या दिवशी रस्ता फोडला. साहेब तापले ते तुमच्यावर. माझं नाव तुम्ही कुठे येऊच दिलं नाही.

तर गेल्या रविवारी आयरिश म्हातारा मला त्यांच्या हॉलवर घेऊन गेला. त्यांच्या लोकांचा हॉल आहे, चर्च झालं की तिथे जमतात, सँडविच खातात आणि भांडतात. आपल्या इकडच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला खुर्च्यांवरून भांडतात तसंच, पण देशावरून. मी नवा स्वेटर घातला होता. मला वाटलं जेवायला बोलावलंय. आत गेलो तर तो हात वर करून सगळ्यांना म्हणाला, "हा आला माझा इंजिनियर! तीस वर्षं एका शहराचं पाणी याच्या हातात होतं. हा पण म्हणतो, सरकारचंच बरोबर!"

मामा, मी दिसेल त्या खुर्चीवर बसलो. समोर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई बसली होती. तिचं घराणं विरोधी पक्षाचं, हे तिने हात मिळवता मिळवताच सांगून टाकलं. ती म्हणाली, "असं का? मग या इंजिनियरलाच बोलू दे. का त्याच्या वतीने पण तूच बोलणार? तुमच्या पक्षात तीच पद्धत आहे ना!" सगळे हसले. आयरिश म्हातारा म्हणाला, "बोल रे, सांग हिला." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानेच मला जास्त भीती वाटली. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर हा हात गेला. उद्या मॉलमध्ये मी कुणाबरोबर चालणार? मान डोलवून बघितली. पण ती बाई म्हणाली, "हे हो आहे का नाही आहे?" म्हणजे तेही संपलं.

मी उठलो. एवढ्या माणसांसमोर मी जन्मात उभा राहिलो नव्हतो. इंग्रजी जेवढं होतं तेवढं सगळं काढलं. म्हटलं, फर्स्ट पाइप, देन बिल. जमिनीखाली पाणी गळतंय, आणि वरून माणसाला म्हणता तुझं कनेक्शन तोडतो. आधी पाइप बघा. मी हाताने पहार धरून पाइपाला कान लावायचं करून दाखवलं, आणि तोंडाने सूं असा आवाजही काढला. मग त्या बाईने टेबलावर थाप मारली आणि अर्धा हॉल ओरडायला लागला. दोन-तीन जणांनी तर तोंडाने सूं केलं. मी बघितलं तर आयरिश म्हाताऱ्याचे कान लाल. मला धीर धरवला नाही. मी घाईघाईने म्हटलं, माय बॉस सेज. माझे मुकादम असं म्हणतात.

त्याने मला गाडीतून घरी सोडलं. सोमवारी तो मॉलमध्ये आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मी एकट्याने फेऱ्या मारल्या, पण चौथ्या फेरीनंतर बसवेना. सुनेला म्हटलं, फोन करून त्याला सांग, मी माफी मागतो. ती म्हणाली, "कशाची माफी, बाबा? तुम्ही खरं बोललात ना?" मी म्हटलं, म्हणूनच.

आज सकाळी तो आला. दोन कॉफ्या घेऊन माझ्या समोर बसला आणि म्हणाला, "तीन दिवस बहिणीशी फोनवर भांडत होतो. तिलाही तुझंच पटलं, बोल! पण तुझ्यावर माझा राग नाही. तू नोकर माणूस. बॉस म्हणाला ते तू सांगितलंस. माझं भांडण तुझ्या बॉसशी आहे." आणि खिशातून दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद काढला. तुम्हाला विचारायचे प्रश्न आहेत. पहिलाच प्रश्न असा की, पट्टी घेतली नाही तर पाइप दुरुस्त करायला पैसा आणायचा कुठून? कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "त्याला लिही. आजच लिही. मला त्याचं उत्तर पाहिजे." मला इतका आनंद झाला की मी बरं म्हटलं. पुढच्या दोन फेऱ्या तो माझ्यासोबत विरोधी पक्षाला शिव्या देत देत चालला आणि मी मधेमधे नो, नो म्हणत होतो. कॉफीपेक्षा त्याचीच ऊब जास्त.

आता खरं सांगतो. आधी पाइप मग पट्टी, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. पाणीपट्टीबद्दल तुमचं काय मत होतं ते मी कधी विचारलंच नाही. ते माझं स्वतःचं मत. बोलून गेलो आणि घाबरून लगेच तुमच्या नावावर टाकलं. आणि तुम्ही आता नाही, हेही त्याला सांगितलेलं नाही. त्याला वाटतं तुम्ही तिकडे नगरपालिकेत बसून माझ्या पत्राची वाट बघताय. हे पत्र कुठे टाकणार? गादीखाली ठेवीन. उद्या त्याला सांगावं म्हणतो की मत माझंच आहे, भांडायचं तर माझ्याशी भांड. पण त्याचा पहिला प्रश्न चांगला आहे हो, मला त्याचं उत्तर येत नाही. तेवढं एक मला सांगा, आणि जरा लवकर सांगा. तो सकाळी नऊला येतो.