अठरा किलोंचा ॲम्प्लिफायर

१९ मे १९८५, रविवार

आजही महाराष्ट्र मंडळातले दोघं भेटायला आले. सहा आठवडे झाले तरी लोक येतातच. प्रश्न ठरलेला — "कसं झालं?" मी सांगते, दाढी करताना हार्ट अटॅक. चेहरे पडतात! चंदीगडमध्ये माणूस गेला म्हणजे गोळीनंच जायला हवा होता बहुतेक. ह्यांनी लोकांची तेवढीही सोय ठेवली नाही.

राजाभाऊंचं पत्र आलं, धाकटे दीर, कराडचे. तीस जूनला ट्रक घेऊन न्यायला येतात. "वरची खोली रंगवून घेतली आहे. दोघी बायका सरदारांच्या मुलखात कशा राहणार?" मी लिहिलं — "बरं." मला जायचं नाही. हे फक्त इथंच, वहीत. मी लग्नालासुद्धा "बरं"च म्हटलं होतं.

२२ मे

पत्राबरोबर यादी. काय आणायचं, काय विकायचं. ॲम्प्लिफायर — "भंगारात द्यावा."

ह्यांनी तो जायच्या आदल्या दिवशी आणला. कुठल्याशा क्लबच्या हॉलमधला जुना, व्हॉल्व्हचा. अठरा किलो! एकदाही वाजला नाही. नुसता घूंऽऽ करतो. भंगारात देणार नाही. एकदा वाजू दे, मग न्या कुठं न्यायचं ते.

२५ मे

मागचं झाकण काढलं. दोन मोठे व्हॉल्व्ह, तीन छोटे. मोठ्यांपैकी एकाच्या काचेला टोकाशी आतून चांदीचा मुलामा आहे, दुसऱ्याचा दुधासारखा पांढरा पडलाय. आत हवा गेली की असं होतं, असं ह्यांच्या पुस्तकात आहे. उल्काला दाखवलं. मुलगी सोळा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. "मम्मी, हाथ मत लगाओ. पापा ने भी नहीं खोला था."

म्हणूनच वाजला नाही.

२८ मे

डबा घेऊन मनीमाजऱ्याला, शहराला लागूनच आहे. एक बाजू उल्कानं धरली, एक मी, आणि रिक्षात घातला. नाक्यावर अडवलं. दिल्लीत ट्रान्झिस्टरमधून बॉम्ब फुटल्यापासून तारा दिसल्या की पोलीस आधी मागे सरकतात. हवालदारानं सगळ्यांना लांब उभं केलं, स्वतःही उभा राहिला, आणि मला म्हणाला, "आप खोलिए." शूर! मी खोलला. तो लांबूनच वाकून — "इसमें बल्ब क्यों हैं?"

रेडिओ दुरुस्तीचं दुकान तरलोकसिंगांचं. म्हातारे, पांढरी दाढी. पांढरा पडलेला व्हॉल्व्ह बघून म्हणाले, "ये दोनों जोड़ी में काम करते हैं. बदलो तो दोनों."

"पर दूसरा तो ठीक है."

"जोड़ीदार गया, बीबीजी. अब ये भी ढंग से नहीं चलेगा."

"सरदारजी, मैं भी एक ही बची हूँ. मुझे भी फेंकोगे?"

परक्या माणसाशी एवढं बोलले नव्हते कधी. ते आधी घाबरले, मग असे हसले की शेजारचा दुकानदार डोकावला.

भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो, हार घातलेला. मी बघितलं ते त्यांनी पाहिलं. "बेटा. दिल्ली में था. नवंबर." मग विचारलं, "आपके साहब?"

"हार्ट."

"चंगा है जी. किसी पे ग़ुस्सा तो नहीं रखना पड़ता."

लाइट नव्हती. नव्या व्हॉल्व्हची जोडी बसवून दिली, म्हणाले घरी स्पीकर जोडून बघा.

१ जून

माती खाल्ली!

वर्ष व्हायचंय अजून. खाली शालिनीताई राहतात, नागपूरच्या, कान फार तिखट. आमच्या घरातून गाणं ऐकू आलं तर मंडळात ठराव होईल. म्हणून डोकं चालवलं — स्पीकरची तारच काढून ठेवली. आवाज नको, नुसतं चालतंय का बघू. रेडिओ जोडला, बटण दाबलं. व्हॉल्व्ह पेटले, छान केशरी. मग आतलं लोखंडच बारीक आवाजात गायला लागलं. स्पीकर नाही, काही नाही, आणि गातंय! मी कौतुकानं ऐकत बसले. मग वास. मग धूर.

३ जून

तरलोकसिंगांनी कपाळाला हात लावला. "बिना स्पीकर? क्यों?"

कारण सांगितलं. दुखवटा, शालिनीताई, मंडळ. ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. "पर बीबीजी, मशीन को क्या पता आपके घर में ग़मी है?"

स्पीकरशिवाय चालवल्यानं ट्रान्सफॉर्मर जळाला. काढून हातात दिला. इंडस्ट्रियल एरियात त्यांच्या भावजयीची वाइंडिंगची शेड आहे, तिथं नवी तार गुंडाळून मिळेल.

१० जून

पत्र्याची शेड, आतमध्ये सहा बायका. हातानं चाक फिरवायचं, केसासारखी तार गुंडाळली जाते, फेरे मोजायचे. एक चुकला तरी सगळं उलगडा. एक जण शेजारणीशी बोलायला गेली आणि सातशेवर विसरली. भावजय जसवंत कौर, आवाज लाउडस्पीकर — "फिर! फिर बातें! गिनती तेरी माँ करेगी?"

माझं काम रखडलं म्हणून मला विचारलं, "गिनना आता है?" मी बसले. बाराशे चाळीस. एकदाही थांबले नाही. तपासलं तर बरोबर.

"तू बोलती नहीं?"

"नहीं."

"ऊपरवाले ने भेजी है!"

वीस वर्षं ह्यांची हीच तक्रार होती.

१४ जून

ट्रान्सफॉर्मर आणला. नुसता तोच हातात धरून जिना चढताना मला दम लागला.

लिहून टाकते. त्या दिवशी ह्यांनी खालून हाक मारली होती, "नीला, जरा एक बाजू धर." मी वरून म्हटलं, "असल्या कचऱ्याला मी हात लावणार नाही." दोन जिने एकट्यानं चढवला. मी गॅलरीतून बघत होते. जेवताना बोललो नाही. सकाळी दाढी.

डॉक्टर म्हणाले त्याचा संबंध नाही. डॉक्टर गॅलरीत नव्हते.

२३ जून, रविवार

वाजला!

स्पीकर जोडून, खिडक्या उघड्या ठेवून. जालंधर स्टेशन लागलं. एक माणूस पंजाबीत सांगत होता, भाताच्या रोपांना पाणी किती द्यायचं. काय आवाज! जसा खुर्चीत बसून बोलतोय. उल्का आणि मी अर्धा तास भातशेती ऐकली. ती रडली. मी नाही, मला खत किती घालायचं ते ऐकायचं होतं.

शालिनीताई वर आल्या. "अहो, वर्षाच्या आत गाणी?"

"गाणी नाहीत. लावणी आहे. भाताची."

बसल्या मग त्याही.

२५ जून

जसवंत कौरकडे गेले होते. काय बोलले ते लिहीत नाही. थोडंच बोलले.

२८ जून

राजाभाऊ आले. ट्रक परवा येईल, ते गाडीनं आधी. दिल्लीपासून उभ्यानं, घाबरलेले. भले आहेत. "वहिनी, सगळं ठरलंय ना?" मी म्हटलं, "सामान बांधून तयार आहे." आमटी वाढली. आणखी काही विचारलं नाही त्यांनी.

३० जून

ट्रक आठला आला. पलंग, कपाटं, मोठी भांडी सगळं कराडला गेलं. मनीमाजऱ्यात आम्हा दोघींसाठी घेतलेल्या खोलीत मावणार नव्हतंच. उद्यापासून मला शेडमध्ये फेरे मोजायला बसायचंय. राजाभाऊ ड्रायव्हरशेजारी बसले, आमच्या दोघींसाठी जागा ठेवून. त्या जागेवर मी त्यांच्या वाटेतल्या पोळ्या ठेवल्या आणि ट्रकचं दार बाहेरून लावलं.