जीपखाली झालेलं बोलणं

वालूर

प्रिय प्रियंका,

फोनवर तू आधी माझ्या शुगरचं विचारतेस आणि मग कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून देतेस. म्हणून या वेळी कागदावर लिहितेय. हे शेवटपर्यंत वाचावंच लागेल तुला.

आधी जीपचं सांगते. दिवाळीत जावईबापूंनी विचारलं होतं ना, गाडी एवढी फटफट का करते आणि आत धूर कसा येतो? इंजिनाला चिकटून बिडाच्या लोखंडाचा एक जाड जोड असतो, त्यातून धूर सायलेन्सरकडे जातो. मॅनिफोल्ड म्हणतात त्याला. तो तडकला होता. कापूस वेचायला मी ज्या बाया नेते, त्या पदर नाकाला लावून बसायच्या. सुकेशनी, त्या बायांची मुकादम, एकदा स्पष्टच म्हणाली की मावशी, धुरापेक्षा पायी गेलेलं बरं. सेलूचा मेकॅनिक म्हणाला, गाडी आठवडाभर सोडून जा. ऐन वेचणीत कशी सोडणार? मी परभणीला जाऊन जुन्या सामानाच्या दुकानातून तसलंच धड मॅनिफोल्ड शोधून आणलं, सांध्यात घालायचं नवं पॅकिंग घेतलं आणि अंगणात लिंबाखाली बॉनेट उघडलं.

यात नवल वाटून घेऊ नकोस. तुझ्या पप्पांनी इतकी वर्षं वालूर-सेलू गाडी चालवली, तिची सगळी दुरुस्ती याच अंगणात केली, आणि पाने द्यायला मीच उभी असायचे. त्यांनी हात पुढे केला की कुठला पाना ठेवायचा ते मला न सांगता कळायचं. पण मी एकदाही नट फिरवला नाही. माझे हात काळे होऊ नयेत म्हणून ते मला फिरवू द्यायचे नाहीत. त्यात माया होती, मी नाही म्हणत नाही. पण ते गेल्यावर स्टेअरिंग हातात घेतलं तेव्हा कळलं, मला हे सगळं येतंय आणि आवडतंयसुद्धा.

बॅटरीची वायर काढली, गंजलेल्या नटांवर डिझेल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी एकेक नट सुटायला लागला तसे बघणारे जमले. येईल तो पाना मागायचा. योगीराज भाऊजी तर सरका वहिनी म्हणत पुढेच आले, असा जोर लावला की नट ज्यावर बसतो तो स्टडच मोडला, आणि मग त्यांना शेतातलं काम आठवलं. बरं, बोटभर तुकडा बाहेर राहिला होता. तो मी पुन्हा डिझेलमध्ये भिजवला, पाइपपान्यात धरला आणि थोडा पुढे, थोडा मागे करत अलगद काढला. जुनं पॅकिंग खरवडलं, जागा पॉलिश पेपरनं लख्ख केली, नवा स्टड बसवला. मॅनिफोल्ड चढवून मधले नट आधी आवळले, मग कडेचे, सगळे थोडे थोडे. एका बाजूनं आवळत गेलं की ते पुन्हा तडकतं.

सायलेन्सरकडे जाणारा खालचा पाइप जोडायला मात्र दुसरं माणूस लागतं. एकानं तो जड पाइप वर उचलून धरायचा आणि दुसऱ्यानं नट लावायचे. तेव्हा दत्तराव आले. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमधले, रोज गाडीत पप्पांच्या शेजारी बसून जायचे तेच. बायको, नर्मदाबाई, गेल्यापासून ते एकटेच असतात; लेक परमेश्वर पुण्याला. गाडीतलं त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. त्यांनी पाना मागितला नाही. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि विचारलं, "कुसुमबाई, कुठं धरू?"

आम्ही दोघं पोत्यावर पडून जीपखाली गेलो. बाहेर आमचे चार पाय, आणि ते बघत उभी अख्खी गल्ली. खाली दत्तरावांच्या तोंडावर काजळी पडायली होती, पण त्यांनी पाइप हलू दिला नाही. आणि त्या अवस्थेत ते हळूच म्हणाले, "परमेश्वर मला पुण्याला बोलवायलाय. जाऊ का राहू, तुमीच सांगा."

मी म्हटलं, आधी पाइप नीट धरा. प्रियंका, तो नट मी सरळच लावला आणि पुढचा हातात घेतला.

गाडी चालू केली. जोडाजवळ उदबत्ती फिरवून पाहिली, तिचा धूर कुठंच फुंकर मारल्यागत हलला नाही. इंजिन गार झाल्यावर नट पुन्हा आवळले आणि बायांना घेऊन बोरीच्या रस्त्यावर एक चक्कर मारली. सुकेशनीनं पदर नाकावरून काढला तो काढलाच. परत आले तर दत्तराव हौदावर तोंड धूत होते. काजळी अजून कानाला तशीच. सगळ्यांसमोर मी त्यांना म्हटलं, "राहा."

लोक काय बोलतात ते माझ्या कानावर आहे. तुझ्या सासरी काय बोलतील तेही मी ऐकून घेईन. पप्पांचा फोटो आहे तिथंच राहील, आमचं ठरलं त्याच दिवशी दत्तरावांनीच तसं सांगितलं. मी एकटेपणाला भिऊन हे करत नाही. एकटीनं मला छान जमतंय, ते तू बघितलंस. मला या माणसाबरोबर राहायचं आहे म्हणून करतेय.

परभणीला आम्ही लग्नाच्या नोंदणीची नोटीस दिली आहे. साक्षीदार तीन लागतात. परमेश्वर पुण्याहून येतो म्हणाला, सुकेशनी तर कधीची तयार आहे. तिसरं कुणी गावातून सहज मिळेल आणि तू नाही आलीस तरी लग्न होईल, हे तुला खरं तेच सांगते. पण सुकेशनीनं नाव विचारलं तेव्हा मी तुझंच सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, म्हणून हे पत्र. येतेस का बाळा, आईच्या लग्नात सही करायला?

वाट बघणारी, तुझीच
आई