दाराच्या आतली पेन्सिल

मिशवॉका, इंडियाना
२ मे १९९४

ती. आर्व्हिलाताईस,
डेलमरचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर एवढं मोठं आणि जाड मार्करनं का, ते पुढे येईलच. तीनदा तुझा नंबर फिरवला आणि तिन्ही वेळा घंटा वाजायच्या आत फोन ठेवून दिला. पत्रात मधेच कुणी बोलत नाही, म्हणून पत्र.

ताई, मी आपली जुनी स्टुडबेकर गाडी विकली. तुला न विचारता. गेल्या शनिवारी टोलीडोहून लीलँड कोप म्हणून एक निवृत्त शाळामास्तर आला होता. हात मागे बांधून गाडीभोवती फिरला, मागची उलटी उघडणारी दारं दोनदा उघडून मिटली आणि तुझ्या सीटवर बसायच्या आधी रुमालानं पँट झटकली. तेवढ्यावरच मी हो म्हणून गेलो. नऊ हजार डॉलर आले. तुझ्या अर्ध्याचा चेक सोबत आहे.

आता कारण. मार्चमध्ये मी शेजारच्या बॉन्ट्रेगर बाईंची रस्त्याकडेची टपालपेटी गाडीनं उडवली. पेटीचं काही नाही, नवी बसवून दिली. पण बाई टपाल काढून नुकत्याच वळल्या होत्या. बंपर आणि त्यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. त्यांना वाटलं ब्रेक लागले नाहीत, आणि मीही तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे त्या मला दिसल्याच नाहीत. डॉक्टर म्हणतात, नजरेचा मधला भाग चाललाय, कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे कुंपण दिसेल, रस्ता नाही.

विकायची कशाला, नुसती उभी ठेवायची, असं तू म्हणशील. किल्ली खिळ्यावर असेपर्यंत मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

डेकोरेशन डेला तू येणार, आईबाबांच्या थडग्यांवर वाहायला पियोनीची फुलं घेऊन आपण त्याच गाडीतून जाणार, हे सगळं समजत असूनही मी सही केली. गॅरेजकडे जायचं टाळतोय. लोभ कमी झाला तरी चालेल, अबोला तेवढा धरू नकोस.

तुझा अपराधी भाऊ,
डेलमर


टूसॉन, ॲरिझोना
७ मे १९९४

चि. डेलमर यास,
अ. उ. आ. रीत आहे म्हणून आशीर्वाद लिहिले, आज ते मनातून आलेले नाहीत.

डोळ्यांचं वाचून काळजात चर्र झालं. त्याबद्दलच आधी लिहायला हवं, पण हाताला राग आधी सुचतोय, त्याला मी काय करू?

सहा हिवाळे मी तुझ्या त्या बर्फाळ गॅरेजात करड्या लोकरीच्या सीटा शिवल्या. छताचं कापड लावताना तासन्‌तास उताणी पडून राहिले, अंगठ्यातून सुई आरपार गेली. तेव्हा तू आल्यागेल्याला ‘आमची गाडी’ म्हणून सांगायचास. विकताना बरी तुझ्या एकट्याची झाली. कागदावर नाव तुझं आहे, कबूल. पण मी टाके कागदावर घातले नव्हते. चेक परत पाठवतेय. शिवणाची मजुरी मी मागितलेली नाही.

आणि ते दार? बाबांनी स्टुडबेकरच्या कारखान्यात अकरा वर्षं दारं बसवली. त्र्याऐंशी साली ड्रायव्हरच्या दाराचं आतलं आवरण काढल्यावर पत्र्यावर त्यांची आद्याक्षरं सापडली, म्हणून तूच मला बोलावून घेतलंस आणि बॅटरीच्या उजेडात दाखवलीस. ई. एच., एमरी हॉस्टेटलर. गाडी विकलीस ते एक वेळ सोड. बाबांचा हात कसा विकलास?

मी स्टुडबेकर क्लबला लिहून कोपचा पत्ता काढते. त्यानं दार उघडून त्या अक्षरांचा छाप कागदावर काढून द्यावा. कारखान्याच्या संग्रहालयात बाबांची हजेरीची कार्डं आहेत, त्यांवरच्या सहीशेजारी तो लावायला देईन. 

मी शुक्रवारी २७ ला पोचते. विमानतळावर गाडी भाड्यानं घेईन. तू न्यायला येऊ नकोस, हे आता बजावायला हवं. डोळ्यांत थेंब घालत जा. बाकी लोभाचं भेटीनंतर बघू.

तुझी,
आर्व्हिला


(पाकिटावर तिकीट आहे, टपालाचा शिक्का नाही.)

१२ मे १९९४

ती. ताईस,
सा. न.

ती अक्षरं माझी आहेत.

व्हर्लिन गेला, तू विधवा झालीस, त्याला तीन महिने झाले होते. तू चर्चला येईनाशी झाली होतीस. शेजारणींनी आणलेल्या कॅसरोलच्या भांड्यांवरची झाकणंसुद्धा तू काढत नव्हतीस. मी आठवड्याला येऊन आतलं फेकायचो आणि भांडी धुऊन ज्यांची त्यांना पोचवायचो. त्याच सुमारास मी ते दार उघडलं. आत गंज होता आणि उंदराचं जुनं घरटं. बाबांचं काहीही नव्हतं. पेन्सिल माझ्या कानावरच होती. काढली आणि लिहून मोकळा झालो. म्हटलं, हे बघायला तरी ताई घराबाहेर पडेल.

तू आलीस, पत्र्याला गाल लावून रडलीस, आणि दुसऱ्या दिवशी शिलाईचं मशीन घेऊन हजर झालीस. मग खरं सांगायचं तरी कधी? पहिल्या हिवाळ्यात सांगितलं असतं तर तू मशीन उचलून गेली असतीस. सहाव्या हिवाळ्यात सांगायला तोंड नव्हतं. रंग देताना ती जागा झाकायला तू आपल्या हातानं कागद चिकटवलास, चारी कडा नखानं दाबल्यास. मी शेजारी उभा राहून चिकटपट्टी फाडून देत होतो.

संग्रहालयातल्या सहीशेजारी ते लागलं, की आंधळ्यालाही फरक कळेल. आंधळा म्हणजे मीच. माझी फजिती होऊ दे, पण बाबा तुला दुसऱ्यांदा गमावावे लागतील आणि तेही माझ्यामुळे, ते मला सोसणार नाही.

डेल


मिशवॉका
१२ मे १९९४

ती. आर्व्हिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बोललीस ते सगळं मला लागू आहे. कोपच्या पत्त्याची चिठ्ठी मात्र कुठं गेली, सापडत नाही. शिवाय तो मे महिनाभर कॅनडात मासे धरायला जातो म्हणे. शिवाय दाराच्या त्या जुन्या क्लिपा एकदा काढल्या की तुटतात. संग्रहालयवाल्यांनाही हल्ली सवड नसते. तेव्हा तू क्लबला लिहायचा त्रास घेऊ नकोस.

पियोनीला कळ्या आल्यात, मुंग्याही आल्यात. फुलं ठेवायला कॉफीचे रिकामे डबे चार जमलेत, त्यांना चांदीचा कागद गुंडाळून ठेवीन. तुझ्यासाठी रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई भाजीन; साखर अंदाजानं पडेल, तेवढं सांभाळून घे. माझ्यासकट.

तुझा,
डेलमर


टूसॉन
१९ मे १९९४

चि. डेल यास,
अ. उ. आ. हे मात्र मनापासून.

एका पत्रात तीन सबबी? लहानपणी खिडकीची काच फोडायचास तेव्हाही तीनच सांगायचास, आणि चौथी सांगायच्या आत रडायचास. म्हणून चौथीची वाट न बघता लिहितेय.

क्लबला मी पत्र घातलेलं नाही, घालणारही नव्हते. बाबा पेन्सिल वापरत नसत, डेल. त्यांचा पिवळा खडू असायचा, मेणचट. दर शनिवारी त्यांच्या शर्टाच्या बाह्या घासून तो मीच काढायची. तू तेव्हा पाळण्यात होतास, तुला कुठून ठाऊक असणार? आणि तुझा ‘ई’ तर शाळेपासून मागं कलंडतो. एका नजरेत सगळं समजलं होतं.

मग रडलीस का, असं विचारशील. व्हर्लिन गेल्यापासून सकाळी उठायला मला काही कारणच उरलं नव्हतं. ते तू दाराच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवलंस. म्हणून रडले. त्या जागेवर कागद चिकटवला तो तुझ्या अक्षरासाठी.

हे माहीत असून मागच्या पत्रात तुला त्याच जागी टोचलं. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून नाही. तिथंच सगळ्यात जास्त लागेल म्हणून. याची मला लाज वाटते.

आणि याहून मोठं एक आहे. गेल्या डेकोरेशन डेला मेन स्ट्रीटवरच्या लाल दिव्यातून तू सरळ गाडी नेलीस. बाजूनं कुणी आलं नाही, हे आपलं नशीब. मी डबे मांडीवर घेऊन तुझ्या शेजारी बसले होते. तुला दिवा दिसला नव्हता हे माझ्या लक्षात आलं, आणि मी पियोनीबद्दल बोलत राहिले. बोलले असते तर तू गाडी चालवणंच सोडलं असतंस, आणि मला त्या सीटवर बसून स्मशानापर्यंत जायचं होतं. पुढच्या वर्षीही. बॉन्ट्रेगर बाईंचं वाचल्यापासून माझी झोप गेलीय. त्या हातभर अंतरात तुझ्याबरोबर मीही होते, डेल. तू विकलीस ते बरोबर केलंस. ते काम माझं होतं.

कोपला म्हणावं, दार उघडलंस तर ती अक्षरं पुसू नकोस. येतेच आहे. लोभ होताच, तो कुठं जायचा?

तुझी,
ताई


मिशवॉका
२६ मे १९९४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे टपालात टाकत नाही, तुझ्या खोलीतल्या उशीवर ठेवतोय. सोबत एक जुनं पाकीट आहे, त्यावरचं तिकीट वाया गेलं. आतलं सगळं तुला आधीच माहीत आहे, तरी वाच. मी लिहिलं होतं, एवढं तुला कळावं.

तुझं पत्र भिंग लावून तीनदा वाचलं. बॉन्ट्रेगर बाईंना काल जाऊन खरं सांगितलं. त्या म्हणाल्या की नवी पेटी जरा वाकडीच बसवलीस. चहा दिला नाही. बरोबरच आहे.

सोमवारी तुझ्या भाड्याच्या गाडीतून जाऊ. डबे मी मांडीवर घेईन, चाक तुझ्याकडे. मेन स्ट्रीटवर आलो की दिवा कुठला आहे ते मला मोठ्यानं सांग. हिरवा असला तरी सांग.

तुझा,
डेल