बेचाळिसावा माणूस

३ जून
आज रुजू झालो. जॉर्डनला, आमच्या अम्मानच्या त्या कोंदट कचेरीतून सुटलो एकदाचा! कुवेतच्या वाळवंटात बारा मजली इमारत उभी राहतेय आणि तिथला साहेब मी. केबिन गारेगार, कॉफीत वेलची सढळ हाताने. मालक अबू मिशारी दिलदार माणूस. हाताखाली बेचाळीस मजूर, सगळे नेपाळी. मुकादम पदम एकेकाची ओळख करून द्यायला लागला. म्हटलं, "नावं तुझ्यापाशीच ठेव. मला नंबर पुरे." तोंडाला फडकी बांधलेली ही माणसं त्यांच्या आयांना तरी ओळखू येतील का, कोण जाणे.

१७ जून
अकरा ते चार उन्हात काम घ्यायला सरकारची बंदी आहे म्हणे. मी फाटकाला ताडपत्री लावली नि काम चालू ठेवलं. पदम कुरकुरला. त्याला समजावलं, तुम्ही उन्हातच वाढलेले, तुम्हाला काय होतंय! तर म्हणतो, "साहेब, आमच्या गावी बर्फ पडतो." उद्धट मेला!

२० जून
भर दुपारी सव्वीस नंबर कोसळला. रुग्णवाहिका बोलवा म्हणून पदमने माझे पाय धरले. रुग्णवाहिका आली की चौकशी आली. चारपर्यंत सावलीत ठेवा म्हटलं. साडेतीनलाच आटोपला. कागदावर लिहिलं : नैसर्गिक मृत्यू, हृदय मुळातच कमजोर. असला माल पाठवतात आणि ताप आपल्याला!

२५ जून
सव्वीस नंबरची पेटी काल काठमांडूला गेली. तरी सकाळच्या मोजणीत बेचाळीस भरले. पुन्हा मोजले. बेचाळीस. कुणाला घुसवलंस म्हणून पदमला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "जास्तीचा कोण ते तुम्हीच दाखवा ना, साहेब. रोज बघता की."
मला दाखवता आलं नाही.

२६ जून
फडकी काढायला लावली. रांगेतून फिरलो. सगळे एकाच साच्यातले. एकाच्या डोळ्यांत वाळू होती. थेट बुबुळांवर. पापणी लवत नव्हती. दचकून मागे सरलो, परत पाहिलं, तर तो नेमका कुठला तेच —

२८ जून
सकाळी त्रेचाळीस. पदम म्हणाला, हा आधीच्या साहेबाच्या वेळी मेलेला असेल.
दुपारी शेहेचाळीस.

२९ जून, दुपार
मजुरांनी अवजारं टाकली. सगळे बसमध्ये जाऊन बसले. पदम दाराशी आला : "चला साहेब, आमच्यासोबत. इथं एकटे थांबू नका." त्या बसमध्ये? त्या घामट गर्दीत मांडीला मांडी लावून मी बसू? हाकलून दिला. अबू मिशारी गाडी पाठवतोय.

बस गेली. इमारत रिकामी. मग सामान चढवायचा पाळणा वर-खाली कोण —

उन्हात चौघे उभे. नाही, पाच. इकडेच बघताहेत.

केबिनची कडी घातलीय.

आता बाहेर कुणीच दिसत नाही. कुणीच —

कडी आतून घातलेली. मी टेबलापाशी. आणि ती हळूहळू सरक