कलत्या उन्हातला झेल

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दिवस कलला की मी अंगणातली बादली, काठी, पाट सगळं भिंतीला सारून ठेवते. तुम्ही अडखळाल म्हणून. सून हसते, म्हणते, आत्या, हितं कोण पडतंय? तिला काय सांगू, कपाळ! मला तुमची पावलं ऐकू येतात. चाचपडत टाकलेली.

कापूरहोळच्या रस्त्यावर आपली मेंढरं आडवी आली म्हणून भोरच्या क्रिकेट संघाच्या कप्तानांची मोटार थांबली होती, तिथून सगळं सुरू झालं. एक मेंढी कळपातून फुटली. तुम्ही लांबूनच दगड भिरकावलात आणि तो बरोबर तिच्या तोंडापुढं पडला. मेंढी वळली, अंगाला खरचटलंसुद्धा नाही. कप्तानांनी मोटारीतून क्रिकेटचा चेंडू काढून तुमच्या हातात दिला. पुढं दहा-बारा वर्षं तुम्ही भोरच्या संघात मैदानाच्या पार कडेला उभे होतात, अनवाणी. बूट दिले तर ते चावतात म्हणालात. चेंडू तुमच्याकडं आला की समोरचे गडी दुसरी धाव घ्यायला धजत नसत. तुमची फेक बघायला साताऱ्याहून माणसं यायची, आणि आई मात्र म्हणायची, दगड मारायचंबी काय मेलं कौतुक!

शेवटच्या दोन वर्षांत दिवस कलला की तुम्हाला दिसेनासं झालं. ताटातली भाकरी तुम्ही हातानं शोधायचात. हे घरात मलाच कळलं होतं. कुणाला बोलू नकोस, मला काढून टाकतील, असं तुम्ही मला बजावलं होतंत.

आणि मग तो पुण्याच्या संघाबरोबरचा सामना. त्यांनी तुम्हाला आपल्याकडं खेळायला बोलावलंय, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खेळ लांबला, ऊन डोंगरामागं गेलं. त्यांची शेवटची जोडी, दोन धावा हव्यात, आणि चेंडू उंच उडून सरळ तुमच्याकडं येतोय. पाऊलसुद्धा हलवायचं नाहीये तुम्हाला. मी बायकांत बसलेय, मला दिसतंय, तुम्ही हात वर करताय, पण भलतीकडंच. चेंडू तुमच्या पायाशी पडला. तुम्ही तसेच हात वर करून उभे. तोवर त्यांनी दोन धावा पळून काढल्या.

सकाळी कप्तान घरी आले. बसले नाहीत. आई नदीवर गेली होती, तुम्ही मागं कुडाआड शेळीची धार काढत होतात. त्यांनी मलाच विचारलं, "खरं सांग, पोरी. तुझ्या बापाला संध्याकाळचं दिसतं का? नाही म्हणालीस तर मुद्दाम झेल सोडला म्हणणाऱ्या गावाचं तोंड मी बंद करतो."

मी म्हणाले, "दिसतं की. सुई ओवत्यात ते."

टोपी नीट करून ते गेले. त्या दिवसापासून तुम्ही पुण्यासाठी झेल सोडलेला गडी झालात. मग पुण्यानंही विचारलं नाही. फितूर माणूस कुणाला हवा? आपण भोर सोडून वेल्ह्याकडं आपल्या डोंगरात परत गेलो. पुढं मेंढी फुटली तरी तुम्ही दगड उचलला नाहीत, नुसते ओरडायचात, घसा बसेपर्यंत. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

नातीजवळ बसून म्हातारपणी अक्षरं गिरवली ती हे लिहायलाच. कागद कुठं धाडणार? राहील डब्यात.

कुडाआडून तुम्ही सगळं ऐकलं होतंत. त्याच दिवशी रात पडायच्या आधी मला जवळ बोलावलंत, डोक्यावर हात ठेवलात. "माजी अब्रू गेली तर जाऊंदे. तू शबूद राखलास. लई गुणाची हाईस."

आबा, मी शब्द राखला नव्हता. वरव्याचे पाहुणे चार दिवसांनी मला बघायला येणार होते. रातांधळ्याची लेक म्हटल्यावर ते आले नसते. माझ्या मनात तेवढंच होतं. आणि तुमचा हात डोक्यावर होता, तोवर मी हलले नाही.