लेप लावणारी पिढी

४ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षांचा अनुभव कुठेतरी नोंदला जायला हवा.

मुलगी डेंटिस्ट होऊन आली. क्लिनिकची आतली खोली तिला दिली. पूर्वीचं स्टोअर. दातांच्या साच्यांची खोकी अजून तिथेच आहेत, तिला काय करायचंय जागेचं? ती किडीवर फ्लोराइडचा लेप लावते आणि पेशंटला घरी पाठवते. म्हणते, सुरुवातीची कीड अशी थांबते, ड्रिल लागत नाही. दात म्हणजे काय जखम आहे, खपली धरायला?

निश्चय: महिन्याभरात तिचं डोकं ताळ्यावर आणणे.

११ जून
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, हल्ली पेशंट आल्या आल्या ताई आहेत का विचारतात. म्हटलं, मोठे डॉक्टर आहेत असं सांगत जा. म्हणाल्या, तसं सांगितल्यावरच विचारतात. बाईंना बोलायची शिस्त नाही.

एक सात वर्षांची कार्टी खुर्चीत बसायला तयार नाही. म्हटलं, मुंगी चावल्यासारखं वाटेल. तीच माझ्या अंगठ्याला चावली. आई तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. पंधरा मिनिटांत हसत बाहेर. लेप! भित्र्यांची फौज तयार होतेय, आणि माझ्याच घरातून.

१९ जून
घड्याळवाले काका आले. घड्याळं दुरुस्त करतात. बावीस वर्षं माझे पेशंट, नऊ फिलिंगं माझ्या हातची. दाढेवर पांढरा डाग, किडीची सुरुवात. मी कामात होतो म्हणून मुलीने बघितलं. लेप लावला, तीन महिन्यांनी या म्हणाली. काका खूश. चालतं घड्याळ मीही उघडत नाही, म्हणाले.

बावीस वर्षांत माझ्या फिलिंगांबद्दल असं काही बोलले नव्हते.

२० जून, दुपार
मुलगी जेवायला घरी गेली, तेवढ्यात काकांना फोन करून बोलावलं. नीट तपासून टाकू म्हटलं. दाढ उघडली. आत कीड नव्हती. पण उघडलीच होती, तर आणखी थोडं आत जाऊन पाहिलं. थोडं जास्तच गेलो. काका म्हणाले, तुम्ही करताय म्हणजे बरोबरच असेल. जुन्या पेशंटची गोष्टच वेगळी.

२५ जून
काकांचा गाल सुजला. रूट कॅनल. मुलगी करतेय. आत काय दिसलं म्हणून उघडलीत, असं तिने मला विचारलं. म्हटलं, अनुभवाला दिसतं. दाढेचे दोन फोटो टेबलावर ठेवून गेली, एक आधीचा, एक नंतरचा.

फोटो मात्र छान आलेत.

२ जुलै
चहा पिताना खालच्या डाव्या दाढेत कळ. माझ्या. चहाच फार गरम होता. बायको म्हणाली, दिव्याखाली अंधार, लेकीला दाखवा. तिला यातलं काही कळत नाही.

९ जुलै
चहा गार करून प्यायलो, तरी कळ. शेवटी दाखवलं. मुलगी म्हणाली, कीड खोल गेलीय, ड्रिल करावं लागेल. ती ड्रिल वापरते हे मला नवीनच. म्हटलं, शास्त्र एवढं पुढे गेलंय, घाई कशाला? लेपाबद्दल माझं मत मुळात कधीच वाईट नव्हतं.

निश्चय: उद्या अकरा वाजता लेप लावून घेणे.

१० जुलै
लेप लावायला तिने साफ नकार दिला. म्हणाली, बाबा, लेपाची वेळ कधीच गेली. इंजेक्शन दिलं. मग ते मशीन सुरू झालं. इतका आवाज असतो? मी तिचं मनगट धरलं आणि लेप लाव, बाळा, नुसता लेप लाव, असं बहुधा एकदा म्हणालो. बाईंच्या मते सहा वेळा, आणि रडत. दार उघडं होतं. बाहेर बाकांवर जागा नव्हती.

काम झाल्यावर बाहेर आलो. घड्याळवाले काका गालावर हात ठेवून बसले होते. उठले. रागावले वगैरे अजिबात नव्हते. हळूच म्हणाले, डॉक्टर, लेप चांगला असतो हे तुम्हाला ठाऊक होतं, तर माझी दाढ का हो उघडलीत?

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलगीसुद्धा.

तोंड बधिर होतं, म्हणून उत्तर देता आलं नाही.