तुम्ही बघून आलेलं रान

आबा, परवा जेवताना तुमच्या नातीनं तुमच्यावर ठपका ठेवला आणि मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. ती म्हणाली, "आजोबांनी तुम्हाला हैदराबादला जाऊ दिलं नाही, त्याची चुटपुट तुम्हाला अजून आहे ना बाबा? मला तसली चुटपुट नको." तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. तुमच्याबद्दल तिला जे माहीत आहे ते माझ्याकडूनच, म्हणजे ही गोष्टही मीच कधीतरी तिला सांगितलेली. मीठ बरोबर होतं.

ती बारावी झाली. बंगळूरच्या एका नामांकित संस्थेत तिचा नंबर लागलाय. तिथं निम्मी शिष्यवृत्ती आहे, उरलेली फी आणि हॉस्टेल आपलं आपण बघायचं. इथं घरापासून बसनं जाता येईल अशा कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्ती, फीचा एक पैसा नाही. आठवडाभर आमच्या घरात हाच तराजू वरखाली होतोय. एका पारड्यात नाव, दुसऱ्यात खर्च, आणि शिष्यवृत्ती कधी या पारड्यात तर कधी त्या. ती मोबाईलवर रँकिंग दाखवते, तिची आई हॉस्टेलच्या जेवणाची चौकशी करते, आणि मी शहाण्यासारखा "सगळ्या बाजूंनी विचार कर" म्हणतो. कॉलेजात विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगत असतो, मास्तरकीची सवय.

माझ्या वेळी हा विचार तुम्ही तुमच्या पद्धतीनं केला होता. मी बीएस्सी झालो, हैदराबादच्या एका मोठ्या विद्यापीठात एमएस्सीला निवड झाली. तिथंही निम्मीच शिष्यवृत्ती होती, आणि इथल्या विद्यापीठात सगळंच माफ. मी दोन्हींची तुलना करत डोकं खाजवत होतो. तुम्हाला त्यात रस नव्हता. मेंढरं नव्या रानात न्यायची तर आधी आपण एकट्यानं जाऊन ते रान बघून यायचं, हा तुमचा जन्माचा नियम. पाणी कुठं आहे, वस्ती कशी आहे, तिथला शेतकरी खतासाठी मेंढरं वावरात बसवू देईल का. तसेच तुम्ही कळप काकांवर सोडून हैदराबादला निघालात. सोबतीला खुलताबादचे चाचा, जे दरवर्षी आपली मेंढरं विकत घ्यायचे. "हौ आबा, चलते. उदर अपनीच जबान चलती, डरने का काम नै," असं ते म्हणाले, आणि तुम्हाला कुठं डर होती?

परत आलात ते करमाडच्या घरासमोर बसून पागोटं सोडत सांगायला लागलात. "पाणी गोड हाय. जेवणात भात लई, भाकर नाय, तेवढं सोसावं लागंल. वाचमन भला माणूस हाय, त्यानं समदं हिंडून दाखविलं. पोरं झाडाखाली बसून वाचीत व्हती, कुणी हाकलीत नाय." मी चिडून म्हणालो, "आन् डिपार्टमेंट? लॅब कशी हाय, ते बघितलं का?" तुम्ही म्हणालात, "ते तुला कळतंय, ते तू बघ. मी ऱ्हायाचं बघून आलो. रान चांगलं हाय. जा." खर्चाचं काढलं तर "चाच्यासंगं बोलणं झालंय, तू नको बघू तिकडं," एवढंच. वॉचमनच्या भरवशावर विद्यापीठ निवडणारा बाप, असा किस्सा करून मी तो मित्रांना सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो. त्याचीही लाज वाटते, पण ती लहान लाज आहे.

मोठी पुढं आहे. तुम्ही मला स्टेशनवर सोडायला आलात, खिडकीशी उभे राहिलात. गाडी सुटते, आपलं करमाड मागं पडतं, बदनापूर जातं, आणि मी घाबरून सीटखालची ट्रंक बाहेर ओढतो. कुणी काही बोललेलं नाही, कुणी हसलेलं नाही. समोरची बाई लेकराला केळं भरवतेय. कारण सांगता आलं असतं तर आज लाज थोडी कमी वाटली असती. जालन्याला मी ट्रंक घेऊन उतरलो, फलाटावर बसून राहिलो आणि संध्याकाळी एसटीनं घरी आलो. तुम्ही दारातच होतात. "जेवला का?" एवढंच विचारलंत. आई मात्र विचारत राहिली, काका विचारत राहिले, आणि मी तुमच्यासमोर बसून म्हणालो, "एवढा खर्च आबांना झेपायचा नाय. मला त्यांच्यावर भार टाकायचा नाय." तुम्ही मान खाली घालून भाकरी मोडत होतात.

लोकांना ती गोष्ट फार आवडली. बापासाठी पोरानं हैदराबाद सोडलं! मी गुणी ठरलो आणि तुम्ही कद्रू. गावातल्या एका लग्नाच्या पंगतीत एक पाव्हणा तुम्हाला तोंडावर म्हणाला, "आबा, जन्मभर रानं बदलली आन् पोराला मात्र दाव्याला बांधलं व्हय? आजून चार मेंढरं इकली असती तर पोरगं कुठल्या कुठं असतं." मी तुमच्या शेजारीच बसलोय. तुम्ही माझ्याकडं बघता. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. मी बुंदी खातोय. मग तुम्ही पाव्हण्याकडं वळून म्हणता, "व्हय, चुकलंच माझं." त्यानंतर तुम्ही मरेपर्यंत हा विषय काढला नाहीत. इथं शिकून माझं काही वाईट झालं नाही, शिकवणारे चांगले मिळाले, नोकरी लागली. वाईट झालं ते तुमच्या नावाचं. तुम्ही गेल्यावर एकदा चाचा गुलमंडीच्या बाजारात भेटले. म्हणाले, "तेरे बाप ने मेरे कू बोल के रख्खा था, पोट्टे की फीस पैले, बाकी हिसाब बाद में. फिर तू गया कैको नै?" मी म्हणालो, "तबियत ठीक नै थी चाचा." खोट्याला पाय नसतात म्हणतात, माझं तर इतकी वर्षं ठणठणीत चालतंय.

काल सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, खरं सांगा. बंगळूर झेपेल का आपल्याला?" झेपेल, आबा. तिच्या जन्मापासून थोडं थोडं बाजूला टाकत आलोय, ते बँकेत आहे. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "ओढाताण होईल गं." तिनं मोबाईलवरचं रँकिंग बंद केलं. मग म्हणाली, "ठीक आहे, इथलंच घेते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." वर माझ्यासाठी चहा करून आणला. नंतर गॅलरीतून तिचा आवाज आला, मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, "नाही गं, बाबांना नाही झेपणार." आणि आबा, ते ऐकून मला बरं वाटलं. क्षणभर वाटलं, आता मीही तुमच्यासारखा झालो, निमूट बोल ऐकून घेणारा बाप. मग माझीच मला किळस आली. तुम्ही दुसऱ्याचं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मी माझ्याच खोट्याआड लपलोय, आणि त्याचं भोगणार आहे ती.

ती घाबरेल, अर्ध्यातून परत येईल, असं मला मुळीच वाटत नाही. आठवडाभरात तिथल्या आचाऱ्याला फोडणी कशी द्यायची ते शिकवेल अशी पोरगी आहे. ती तिथं रमेल, याचीच मला भीती वाटते. ती रमली तर जाणं एवढं सोपं होतं हे मला रोज बघावं लागेल.

बंगळूरची फी भरायची मुदत उद्यापर्यंत आहे. ती शेजारच्या खोलीत इथल्या कॉलेजसाठी कागद लावतेय. मी उठून तिला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत, एक तुमच्याबद्दल आणि एक पैशांबद्दल. ते सोडून मी दुपारपासून तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही ऐकून घ्याल आणि काही विचारणार नाही. ती विचारेल.